दुर्बिणीची पेटी अकोल्याला जाते

पुण्याहून निघताना माझ्या पेटीला खालचा बर्थ मिळाला आणि मला तिच्या पायाशी टेकायला वीतभर जागा. आमचे सर म्हणाले, "कुंदाताई, ठेवा की ती बाकाखाली. पत्र्याची तर पेटी आहे." पेटी पत्र्याची होती, पण तिच्या पोटात काच होती. छातीत घालायच्या दोन दुर्बिणी, करंगळीएवढ्या जाड आणि हातभर लांब. नळीच्या आत एकापुढे एक भिंगं बसवलेली. गाडीनं एक दणका नीट दिला असता तर त्या नळीतून पुढे फक्त अंधार दिसला असता. सर मोठे सर्जन, पण हत्यारांच्या बाबतीत शब्द माझा चालतो. ते निमूट वरच्या बर्थवर चढले आणि घोरू लागले.

समोर अकोल्याच्या एक काकू होत्या, मांडीवर डबा घेऊन. बराच वेळ त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय वो बाई, पेटी झोपली अन् तुमी बसल्या! काय हाय तिच्यात?"

"दुर्बीण."

"ग्रहन पाहाले चालल्या का?"

"नाही. माणसाच्या छातीत पाहायला."

काकूंनी थोडा विचार केला. "कोनाच्या?"

ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. काकूंनी डबा उघडून ठेचा आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि विषय संपवला.

मी पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची प्रमुख सिस्टर. जन्म वाईचा, स्वभाव मिरचीचा, असं आमच्याकडे माझ्या पाठीमागे म्हणतात आणि मला ते ऐकू येतं. निघायच्या आधी मेट्रनबाईंनी विचारलं होतं, "अकोल्यात काय आहे हो? तिथं ही यंत्रं नेऊन करणार काय?" त्या वर्षांत पेपर उघडला की कापूस आणि वऱ्हाड यांच्या नावानं वाईटच काहीतरी छापलेलं असायचं. त्यामुळे पुण्यात वऱ्हाड म्हणजे लांबून कीव करायची जागा झाली होती. मेट्रनबाईंच्या प्रश्नाचा मला राग आला. तो राग मी पेटीबरोबर नेला.

बोलावणं होतं डॉ. वर्षा तायडेचं. ही नांदगाव खंडेश्वरच्या शाळामास्तरांची मुलगी. सर्जरी शिकायला पुण्यात आमच्याकडे आली तेव्हा थिएटरमध्ये पहिल्याच दिवशी म्हणाली, "सिस्टर, मले कैची द्या." सगळे हसले. मी हसणाऱ्यांकडे पाहून म्हटलं, "कैची बरोबर मागितली ना तिनं? मग दात कसले काढता?" तेव्हापासून ती माझी झाली. सरांच्या हाताखाली तिनं छातीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि पुण्यातली चांगली नोकरी सोडून अकोल्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात गेली. तिथं पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी घेतलेला कॅमेरा, टीव्ही आणि दिवा होता. छातीची हत्यारं नव्हती. म्हणून आम्ही आणि आमची पेटी.

अमरावती

आधी अमरावतीला दोन दिवस कार्यशाळा होती. बडनेरा स्टेशनवर वर्षा घ्यायला आली होती. सरांच्या पाया पडली आणि माझ्या हातातली पेटी घ्यायला धावली. मी दिली नाही. "बदलल्या नाहीत तुम्ही," म्हणाली. "पेटीही बदललेली नाही," मी म्हटलं.

न गेलेल्यांसाठी सांगते, अमरावती म्हणजे क्लासांच्या पाट्यांचं शहर. जिकडे पाहावं तिकडे कुणीतरी कुणाला तरी कलेक्टर नाहीतर डॉक्टर करून राहिलेला. बोलणं पुण्याच्या कानाला आधी भांडणासारखं लागतं. रिक्षावाल्यानं मला विचारलं, "काहून उभ्या आहा उन्हात? बसा न!" मी दचकून बसले. नंतर लक्षात आलं की तो काळजी करत होता. पुण्यात काळजी करणारे रिक्षावाले मी अजून शोधते आहे.

कार्यशाळेत सरांनी डॉक्टरांना समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. जुन्या पद्धतीत फुप्फुसापर्यंत पोचायला पाठीपासून छातीपर्यंत लांब चिरा देतात आणि दोन फासळ्या हत्यारानं फाकवतात. माणूस बरा होतो, पण पुढे कित्येक महिने श्वास घेताना फासळ्या आठवण देतात. आमच्या पद्धतीत फासळ्यांच्या मधल्या फटीत बोट जाईल एवढी तीन छिद्रं. एकातून दुर्बीण, दोनांतून लांब दांड्याची हत्यारं. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला कॅमेरा, त्याचं चित्र टीव्हीवर. पोटात अशी दुर्बीण घालायची तर आधी पोट गॅसनं फुगवावं लागतं. छातीत ती गरज नाही, फासळ्यांचा मांडव आधीच उभा असतो. फक्त त्या बाजूचं फुप्फुस तेवढा वेळ झोपवायचं. भूलतज्ज्ञ दुहेरी नळी घालून दुसऱ्या फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात. चुलीपुढे बसावं तसं सगळं मांडायचं: डोळे मध्ये, हात दोन बाजूंना, काम समोर. मांडणी चुकली की स्वतःचेच हात एकमेकांवर आपटतात.

सरावासाठी मी पुठ्ठ्याच्या खोक्याला छिद्रं पाडली आणि आत सोललेलं संत्रं ठेवलं. पुण्यात आम्ही हा सराव मोसंबीवर करतो, पण संत्र्यांच्या गावात मोसंबी नेणं मला शोभलं नसतं. टीव्हीकडे बघत, लांब चिमट्यांनी संत्र्यावरची पांढरी साल आणि धागे सोलायचे. फोडीला भोक पडता कामा नये, रस निघाला की नापास. एका नामांकित डॉक्टरांनी पहिल्याच झटक्यात खोक्यात सरबत केलं. "बाप्पा! यांनी तं पेशंटच पिऊन टाकला," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृह हसत सुटलं. वर्षाचं संत्रं मात्र धुऊन पुसल्यासारखं बाहेर आलं. सरांनी ते तिथंच फोडून खाल्लं आणि मला एक फोड दिली. सर सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यामुळे ती फोड मी जपून खाल्ली.

संध्याकाळी वर्षानं हट्टानं गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडालेला वडा, म्हणून मी निर्धास्त होते. दह्याखाली तिखट दबा धरून बसलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोर ही पोरगी हसते आहे. "मिरचीचा स्वभाव ना तुमचा, सिस्टर?" मी तिला फटका मारणार होते, पण दोन्ही हात रुमाल धरण्यात गुंतले होते.

मूर्तिजापूर

अकोल्याला जीपनं निघालो. वर्षाच्या आईनं रोडगे आणि वांग्याची भाजी बांधून दिली होती. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा हातानं फोडून तुपात बुडवायचा. आमच्याकडे भाकरी पाहुण्याला वाढतात, इथं पाहुण्याला रोडग्यात बुडवूनच काढतात. सर तीन खाऊन झोपले.

मूर्तिजापूरला वर्षानं जीप बाजारात वळवली. "एका पेशंटले घ्यायचं आहे," म्हणाली. "परवा त्याचंच ऑपरेशन आहे. पण तो नाही म्हणून राहिला."

एका अरुंद दुकानावर ब्रास बँडची पाटी होती. आत पिवळीजर्द वाद्यं प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगलेली. खुर्चीत सलीममास्तर बसले होते, बँडचे मालक आणि ट्रंपेटवाले. पन्नाशीचे, सडसडीत, उजवा खांदा खाली झुकलेला. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तो अंगावर काढला. फुप्फुसाभोवती पू साचला. सुईनं काढला, नळी घालून काढला, तरी उरलेला साकळला आणि फुप्फुसावर जाड साल चढली. आता उजवं फुप्फुस त्या सालीत कोंडलेलं होतं. ती साल काढल्याशिवाय ते फुलणार नव्हतं.

"मैंने मना कर दिया, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "मजीदभाई को जानती हो ना? हमारे साथ ट्रंपेट बजाते थे. उनका सीना खोला. बच गए, अल्लाह का शुक्र है." त्यांनी तळव्यावर तळवा आपटला. "आता झांज वाजवून राह्यले."

त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, चहाच्या बशा आमच्यासमोर ठेवल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मास्तरांना श्वासाची एवढी धास्ती का, ते मला तिथंच कळलं. त्या वर्षी लग्नं कमी झाली होती. झाली ती सामूहिक, एका मांडवात अनेक जोडपी. मे महिन्यात मूर्तिजापुरात असं एक मोठं लग्न होतं आणि तिथं वाजवायचं मास्तरांनी कबूल केलं होतं. "गाँव की बेटियाँ हैं, बिना बाजे के कैसे जाएँगी?" असं ते सगळ्यांना सांगत होते.

वर्षा म्हणाली, "मास्तर, जरा वाजवून दाखवा."

त्यांनी खोक्यातून ट्रंपेट काढलं. खोक्याला आतून फ्लॅनेल लावलेलं होतं, आणि फ्लॅनेलला वाद्याच्या आकाराची खळगी पडलेली. त्यांनी वरातीची एक चाल धरली. चाल खाली होती तोवर ठीक होतं. पुढे ती वर चढते, तिथं एक लांब सूर आहे. त्या सुरावर पोचताच मास्तरांचा दम तुटला. आवाज फाटला आणि खोकल्यात गेला. त्यांनी ट्रंपेट खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि भिंतीकडे पाहात बसले. मला फार वाईट वाटलं. मी माणसं आजारी पाहिली आहेत, पण माणसाला असं आपल्याच वाद्यापुढे लाजताना पाहिलं नव्हतं.

"खोटं सांगत नाई मी तुमाले," वर्षा त्यांच्यासमोर खाली बसली. "पयले छिद्रातून पाहीन. थे साल सोलता आली तं सोलीन. नाईच दिसलं, तं उघडा लागीन. पन उघडल्याबिगर जमावं म्हनून जेवढं होते तेवढं करीन."

"पहले किया है आपने?"

"पुन्यात सरांच्या हाताखाली केलं. अकोल्यात हे पयलंच."

मास्तरांची नजर माझ्या मांडीवरच्या पेटीवर गेली. "इसमें औजार है?"

मी पेटी कुणाला उघडून दाखवत नाही. विद्यार्थ्यांना तर नाहीच. पण त्या दिवशी उघडली. आत आमच्याही दुर्बिणी फ्लॅनेलमध्येच निजलेल्या असतात. मास्तर वाकले, हात मागे बांधून. वाद्य वाजवणाऱ्याला न सांगता कळतं की दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नसतो. मी त्यांना तिरक्या नजरेची दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाचं भिंग तिरपं कापलेलं असतं, त्यामुळे फिरवली की कोपऱ्यापलीकडचंही दिसतं.

"ये तो हमारी पिपाणी से भी पतली है," ते म्हणाले. मग भाभींकडे वळून म्हणाले, "कपडे बांध."

जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले. त्यांच्या मांडीवर ट्रंपेटचं खोकं, माझ्या मांडीवर पेटी. शकुंतला नावाच्या छोट्या गाडीचे अरुंद रूळ ओलांडताना दणका बसला तेव्हा दोघांनीही एकदमच आपापलं खोकं छातीशी धरलं.

अकोला

अकोल्याचा मार्च म्हणजे आमच्या मे महिन्याचा थोरला भाऊ. सकाळी आठला रस्ता तापलेला. रुग्णालय साधं, स्वच्छ. थिएटरच्या दारावर भारनियमनाचं वेळापत्रक डकवलेलं, आणि ऑपरेशनच्या वेळा त्यावरून ठरवलेल्या. पुण्यात आम्ही सर्जन केव्हा येतात त्यावर वेळ ठरवतो, इथं वीज केव्हा येते त्यावर. वीज जास्त वक्तशीर होती, हे मी सरांना बोलून दाखवलं.

तिथल्या थिएटरची सगळी वरकामाची व्यवस्था शांतामावशींच्या हातात. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि पाहुणा दिसला की त्यांना स्वस्थ बसवत नाही. "पुन्याचे पाहुने आमच्या दवाखान्यात!" एवढं म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या या प्रेमानं दुसऱ्या दिवशी आमची काय गत केली ते आता सांगते.

छातीच्या दुर्बिणीचा एक मोठा शत्रू आहे, वाफ. थंड काच उबदार छातीत गेली की तिच्यावर दव धरतं, चहाच्या कपावर चष्मा धरल्यासारखं. म्हणून दुर्बिणीचं टोक मधूनमधून गरम, निर्जंतुक पाण्यात बुडवून पुसायचं. त्यासाठी माझा स्वतःचा स्टीलचा थर्मास असतो. ऑपरेशनच्या सकाळी मी त्यात उकळतं निर्जंतुक पाणी भरलं, थिएटरमधल्या फळीवर ठेवला आणि हात धुवायला गेले.

आत आले तेव्हा मला हुडहुडी भरली. एसी पूर्ण सोडलेला होता. पुण्याच्या पाहुण्यांना अकोल्याचं ऊन कसं सोसणार म्हणून मावशींनी पहाटेपासून जनरेटरवर तो चालवला होता. थिएटरचं त्यांनी सिमला करून ठेवलं होतं. दुर्बिणीचं स्टील हाताला बर्फ लागत होतं. मी म्हटलं, असू दे, थर्मास आहे.

मास्तरांना भूल दिली, डाव्या कुशीवर वळवलं, हात डोक्याच्या वर बांधला. वर्षानं फटीतून आधी बोट घालून फुप्फुस चिकटलेलं नाही ना ते चाचपलं, मग दुर्बीण आत सोडली. पडद्यावर क्षणभर पिवळं-पांढरं जाळं दिसलं आणि लगेच धुकं. मी तिथल्या सिस्टरला म्हटलं, "थर्मास." तिनं झाकण उघडून माझ्या ट्रॉलीवरच्या निर्जंतुक वाडग्यात ओतलं.

चहा. आलं घातलेला, दाट दुधाचा, गोडमिट्ट चहा.

संपूर्ण थिएटरमध्ये आल्याचा वास पसरला. मास्क लावलेले सगळे डोळे वाडग्याकडे. पुढे कळलं ते असं: मावशींनी फळीवर थर्मास पाहिला, उघडला, तर आत नुसतं ऊन पाणी. आपल्या घरी आलेली पाहुणी स्वतःचं पाणी आणून पिते, ही त्यांना स्वतःची बेइज्जती वाटली. त्यांनी पाणी मोरीत ओतलं आणि चहा भरून ठेवला.

वाडगा बाद, ट्रॉलीवरचं कापड बाद. दुसरी दुर्बीणही तितकीच गार. पुसून घातली, पुन्हा धुकं. रक्तवाहिन्यांच्या शेजारी आंधळेपणानं चिमटा चालवता येत नाही, यात सरांचं काही चुकत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "कुंदाताई, छाती उघडायची तयारी ठेवा." त्या उघडायच्या हत्यारांची ट्रॉली बाजूला झाकून ठेवलेलीच होती. मी त्या झाकणाला हात घातला आणि माझ्या डोळ्यांसमोर मजीदभाईंची झांज आली. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"सर, थोडं थांबा," वर्षा म्हणाली. मग एकदम तिच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. "एसी बंद करा! सलाइनच्या बाटल्या घ्या अन् नळाखाली धरा. बाहेरच्या नळाखाली, गच्चीवरच्या टाकीचं पानी येते त्या!"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. दुपारचे बारा वाजत आले होते. अकोल्याच्या गच्चीवरची काळी टाकी त्या वेळी चुलीवरच्या पातेल्यासारखी तापलेली असते, नळाचं पाणी हात भाजतं. सीलबंद निर्जंतुक सलाइन त्या पाण्यात धरलं की आपोआप कोमट. ज्या उन्हापासून मावशी आम्हांला वाचवत होत्या, तेच ऊन शेवटी कामाला आलं.

सगळे घामाघूम उभे. बाटल्या आल्या. नवा वाडगा, कोमट सलाइन. मी दुर्बिणीचं टोक त्यात धरलं, काचेची थंडी जाऊ दिली, पुसलं, पांढऱ्या गॉझवर रोखून कॅमेऱ्याला खरा पांढरा रंग दाखवला आणि वर्षाच्या हातात देताना म्हटलं, "घ्या, डॉक्टर." इतकी वर्षं मी तिला वर्षा म्हणत आले. डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. तिनं पडद्यावरून नजर काढली नाही, पण तिला ते ऐकू आलं, मला माहीत आहे.

धुकं नव्हतं. साल दिसली, मळकट पिवळी, फुप्फुसावर घट्ट बसलेली. आधी तिनं ते पिवळं-पांढरं जाळं तोडून कप्प्यांतला साकळलेला पू ओढून घेतला. मग सालीची एक कड सापडली. ती चिमट्यात धरून, दुसऱ्या हातातल्या गॉझच्या बोळ्यानं ढकलत, ती सोलत गेली. घाई नाही, ओढाताण नाही. रस निघाला की नापास. मधे मधे दुर्बीण माझ्याकडे यायची, कोमट पाण्यात बुडायची आणि परत जायची. मी सरांकडे पाहिलं. ते एक पाऊल मागे सरकले होते, हात छातीशी जोडून. आमचे सर दुसऱ्याच्या ऑपरेशनमध्ये हात जोडून उभे राहिलेत, हे मी पुण्यात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

शेवटी छातीत सलाइन ओतलं आणि भूलतज्ज्ञांनी फुप्फुसात हवा सोडली. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात ना, तसंच. थोडे बुडबुडे आले आणि विरळ झाले. फुप्फुस हळूहळू उठलं, पुढे आलं, गुलाबी होत कोपऱ्याकोपऱ्यात शिरलं आणि पडदा भरून गेला. मला रडू आलं, पण हात निर्जंतुक होते, डोळे पुसता येईनात. उघडायची ट्रॉली झाकलेलीच परत गेली.

बाहेर आले ती मावशींवर बरसायला. सगळी वाक्यं तोंडात तयार होती. मावशी दारात कप घेऊन उभ्या. "बाई, चा कसा झालता? थर्मासातला सपला का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "चांगला झाला होता," मी म्हटलं. "आलं थोडं जास्त पडलं." आणि तो कप घेऊन प्यायले.

पुढचे दिवस मास्तरांचे. छातीत नळी, नळीचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली, आणि हातात व्यायामाचं ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. मास्तरांनी नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि जोरात फुंकलं. चेंडू जागचे हलेनात. पुन्हा फुंकलं. कपाळाच्या शिरा तट्ट.

"मशीन खराब हाय," त्यांनी निकाल दिला.

"मास्तर, फुंकायचं नाही. आत ओढायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना उलटं चालायला सांगते आहे. "सिस्टर, चाळीस साल से फूँक रहा हूँ. ओढाले कोनी शिकवलंच नाई." जुबेदाभाभी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. ऑपरेशन ठरल्यापासून त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मग मास्तरांनी ओढलं. एक चेंडू कापत वर गेला. आम्ही निघालो त्या दिवशी दोन वर राहत होते आणि तिसरा उड्या मारत होता. सरांनी बजावलं, मे महिन्यापर्यंत ट्रंपेटला ओठ लावायचा नाही.

निघताना सर म्हणाले, "कुंदाताई, पेटी इथंच राहू दे. पुण्याला मी दुसरी मिळवीन." मी दुपारभर त्यांच्याशी बोलले नाही. मग वर्षाला बसवून फ्लॅनेलच्या घड्या दाखवल्या, दिव्याची केबल कधी मुडपायची नाही हे सांगितलं, दुर्बीण कोरडी केल्याशिवाय झाकण लावायचं नाही हे तीनदा सांगितलं, आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. शांतामावशींनी माझा थर्मास भरून दिला. आत काय आहे ते मी विचारलं नाही. येताना बर्थ मला मिळाला, ऐसपैस, पण रिकामी मांडी काही झोपू देईना.

पुणे

मे महिन्यात एका दुपारी थिएटरच्या बाहेरचा फोन वाजला. मेट्रनबाई शेजारीच उभ्या होत्या, कसल्याशा तक्रारीसाठी. फोनवर वर्षा, आणि तिच्यामागे मांडवाचा प्रचंड गलका, लाउडस्पीकर, बायकांचं बोलणं.

"सिस्टर, मूर्तिजापूरहून बोलून राहिली. काही बोलू नका. ऐका फक्त."

तिनं फोन कुठंतरी उंच धरला असावा. ढोल आले, झांज आली. झांज कोण वाजवत असेल ते मला कळलं. मग ट्रंपेट. तीच चाल, मूर्तिजापूरच्या दुकानातली. खाली खाली चालत ती वळणावर आली, जिथून वर चढते. मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. आवाज वर चढला, त्या लांब सुरावर पोचला आणि तिथं राहिला. तुटला नाही. राहिलाच. मला वाटलं आता थांबेल, तर तो आणखी वर गेला, आणि मांडवातून हजार माणसांचा एकच गिल्ला उठला.

"सिस्टर, कोण आहे?" मेट्रनबाई म्हणाल्या. "एवढं काय चाललंय तिकडे?"

अकोल्यात काय आहे, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.